परक्याचा आवाज आणि आपली मुले



आज पुनरुत्थानकाळाचा चौथा रविवार, म्हणजेच उत्तम मेंढपाळाचा रविवार. धर्मगुरू आणि धर्मभगिनी म्हणून प्रभूची सेवा करण्याचे पाचारण तरुणांना लाभावे यासाठी जगभरातील ख्रिस्तसभा आज प्रार्थना करते. आपणही ती करूच. पण आजच्या शुभवर्तमानाकडे (योहान १०:१-१०) या वर्षी थोडे वेगळ्या बाजूने पाहावे असे आम्हांला वाटते, कारण शाळांना सुटी लागत आहे आणि मुले आता दिवसभर घरी असणार आहेत.

प्रभू येशू मेंढवाड्याबद्दल बोलतो. वाड्याला दार असते, दारावर राखण करणारा असतो. मेंढपाळ दारातून आत येतो. चोर मात्र दार टाळतो आणि दुसरीकडून कुठून तरी चढून आत शिरतो. मेंढपाळ एकेका मेंढराला नावाने हाक मारतो, आणि ती त्याच्या मागे चालतात, कारण त्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा असतो. परक्याच्या मागे ती जात नाहीत. त्याच्यापासून पळून जातात.

हे समजण्यासाठी आपल्याला पॅलेस्टाइनला जाण्याची गरज नाही. कापूस आणि तूर निघाली की आपल्या भागात धनगरांचे कळप शेतांत उतरतात. खत मिळावे म्हणून शेतकरी आपल्या वावरात मेंढ्या बसवून घेतात. कुठे पाण्यावर दोन कळप एकत्र आलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. पाहणाऱ्याला वाटते, आता ही सरमिसळ निस्तरणार कशी? पण एक धनगर एका बाजूने हाळी देतो, दुसरा दुसऱ्या बाजूने, आणि मेंढरे आपापल्या धन्याकडे वळतात. तीच हाळी आपण दिली तर काही उपयोग होत नाही. ही ओळख कोणी एका दिवसात शिकवलेली नसते. चाऱ्यापाण्याच्या वेळी, पावसात, रात्री कुत्री भुंकू लागली तेव्हा, तोच एक आवाज त्यांच्या कानावर पडत आलेला असतो.

आता आपल्या घरांकडे पाहू या. एप्रिल संपत आला आहे. दुपारी अकरानंतर बाहेर पाऊल टाकवत नाही. मुलांना आपण उन्हात जाऊ देत नाही आणि ते बरोबरच आहे. मग कूलर सुरू होतो, दार लोटले जाते आणि हातात मोबाईल येतो. आईबाबा कामावर, आजी आतल्या खोलीत पडलेली. कोणी विचारले तर आपण समाधानाने सांगतो, "घरातच आहे ना पोरगं, कुठं बाहेर गेलं?"

संत लूकच्या दुसऱ्या अध्यायातील प्रसंग इथे आठवतो. येशू बारा वर्षांचा होता. सण आटोपून सगळे यरुशलेमहून परत निघाले, तेव्हा मरिया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले. मुलगा सोबतच्या मंडळींत कुठेतरी असेल असे त्यांनी धरले होते. मग नातलगांत शोधले, ओळखीच्यांत शोधले, आणि तो कुठेच नव्हता. पवित्र कुटुंबातही एक पूर्ण दिवस असा गेला की आईवडील म्हणत होते "सोबतच आहे", आणि मूल सोबत नव्हते. येशू तिसऱ्या दिवशी मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडला. आपली मुले कोणामध्ये बसलेली सापडतील, हे आपल्याला ठाऊक नसते. मूल चार भिंतींत असते खरे, पण त्याच वेळी ते अशा बाजारात उभे असते जिथे हजारो माणसे ये-जा करतात आणि कोणाचाही चेहरा खरा असेलच असे नाही.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि मोबाईल हीच शाळा झाली. त्याआधी ज्या घरांत मुलांच्या हाती फोन देत नव्हते, त्यांनाही तो द्यावा लागला. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन काही परत कपाटात गेला नाही. ही कोणाची चूक म्हणून आम्ही सांगत नाही. पण वाड्याला एक नवे दार पडले, आणि त्या दारावर राखणीला कोण बसणार हे ठरवायचे राहून गेले.

चित्रपट अभिनेते अक्षय कुमार यांनी ३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत, राज्य पोलीस मुख्यालयात, सायबर जनजागृती महिन्याच्या उद्घाटनाच्या वेळी स्वतःच्या घरातील एक गोष्ट जाहीरपणे सांगितली. काही महिन्यांपूर्वी त्यांची तेरा वर्षांची मुलगी मोबाईलवर एक खेळ खेळत होती. त्या खेळात समोर कोणीही अनोळखी खेळाडू असू शकतो. समोरच्याकडून आधी कौतुकाचे निरोप आले, छान खेळलीस वगैरे. मग त्याने विचारले, तू मुलगा की मुलगी? तिने मुलगी म्हणून सांगितले. त्यानंतर त्याने तिच्याकडे विवस्त्र फोटो मागितला. तिने तिथल्या तिथे सगळे बंद केले आणि जाऊन आईला सांगितले.

त्याच कार्यक्रमात त्यांनी मुख्यमंत्र्यांना विनंती केली की सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक तास सायबर सुरक्षेचा असावा. विनंती योग्यच आहे, शाळांनी तो तास जरूर घ्यावा. पण आम्हांला त्या गोष्टीतील शेवटचे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते. ती मुलगी आईकडे गेली. तिला आधी विचार करावा लागला नाही की आई काय म्हणेल, मोबाईल काढून घेईल का, "तू त्याच्याशी बोललीसच कशाला" असे विचारेल का. घाबरल्यावर कोणाकडे जायचे हे तिला पक्के ठाऊक होते. मेंढराला मेंढपाळाचा आवाज ठाऊक असतो म्हणतात तो असा.

हीच गोष्ट वेगळ्या घरात कशी घडते, तेही सांगायला हवे. अशा गोष्टी करणारा माणूस पहिल्या दिवशी फोटो मागतोच असे नाही. तो आठ-पंधरा दिवस, कधी महिनाभर थांबतो. तो मुलाच्या खेळाचे, आवाजाचे, चित्रांचे कौतुक करतो. खेळातील हिरे, नाणी, बंदुकीची रंगीत कातडी अशा भेटी देतो. मग म्हणतो, इथे नको, आपण दुसऱ्या ॲपवर बोलू. ही पायरी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण चोराने दार टाळून भिंत चढायला घेतली ती इथेच. मग घरच्या तक्रारी ऐकून घेतो: "तुझे आईबाबा तुला समजून घेत नाहीत ना? मी घेतो." मग सांगतो, हे आपल्या दोघांतच राहू दे. आणि मग एक फोटो मागतो. कधी फोटोची गरजही पडत नाही. मुलाचा साधा चेहरा घेऊन आता खोटे चित्र तयार करता येते. इथवर आले की आवाज बदलतो. पैसे पाठव, नाहीतर आणखी फोटो पाठव, नाहीतर हे तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो. हे मुलींच्याच बाबतीत होते असा आपला समज असेल तर तो सोडून द्यावा. मुलग्यांनाही असेच अडकवले जाते, आणि त्यांच्याकडून पैसे उकळले जातात. मुलगे तर आणखी कमी बोलतात.

या सगळ्यात त्या माणसाचे खरे हत्यार कोणते? फोटो तर आहेच. पण त्याहून मोठे हत्यार म्हणजे त्याची ही धमकी, की तुझ्या बाबांना सांगीन. म्हणजे आमच्या-तुमच्या नावाची भीती. मुलाला त्या परक्याची जेवढी भीती वाटते त्याहून आपली जास्त वाटत असेल, तर तो माणूस कुठल्याही शहरात, कुठल्याही देशात बसून आपल्या घरातले मूल आपल्याविरुद्ध वापरू शकतो. त्याला आपले दार फोडावे लागत नाही. मूल स्वतःच आतून कडी लावून घेते.

उधळ्या पुत्राचा दाखला आपण दर वर्षी ऐकतो. तो मुलगा परत येताना वाटेत बोलायचे शब्द पाठ करीत होता: बापा, मी पाप केले आहे, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही. बापाने त्याला दुरून पाहिले आणि धावत जाऊन मिठी मारली. मुलाचे पाठ केलेले बोलणे पुरते संपायच्या आत बापाने झगा आणायला सांगितले. मोबाईलवर फसलेले मूलही असेच शब्द पाठ करीत रात्रभर जागे असते. जेवताना ते दोनदा बोलायला तोंड उघडते आणि आपण म्हणतो, "पानात बघ आधी." तेव्हा काही दिवस मूल जेवत नसेल, फोन वाजला की दचकत असेल, फोन उलटा ठेवत असेल, कधी नव्हे ते शाळेत किंवा मिस्साला जायला नको म्हणत असेल, तर लगेच वय झाले म्हणून सोडून देऊ नये.

आणि ते बोलले, तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे? आमचे सांगणे असे की, त्या पाच मिनिटांत फोन हिसकावू नये, हात उगारू नये, आणि "लोक काय म्हणतील" हे तीन शब्द तोंडातून काढू नयेत. एवढेच म्हणावे, "बरे झाले सांगितलेस. आता हे आम्ही बघतो." फोन काढून घेण्याची शिक्षा विशेषतः टाळावी. पुढच्या वेळी मूल सांगणार नाही, एवढाच तिचा परिणाम होतो.

नंतर करायच्या गोष्टी अवघड नाहीत. त्या माणसाला पैसे पाठवू नयेत. एकदा दिले की तो पुन्हा मागतोच. त्याच्याशी भांडूही नये. त्याचे खाते, नाव, नंबर, धमकीचे निरोप, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवून मग त्याला ब्लॉक करावे. संभाषण घाबरून पुसून टाकू नये, तोच पुरावा आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. इतर तक्रार केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर करता येते, आणि मुलांच्या बाबतीतील मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. लहान मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही आहे. अठरा वर्षांखालील मुलाचा असा फोटो बाहेर पडण्याची भीती असेल तर 'टेक इट डाऊन' नावाची एक विनामूल्य सेवा आहे, ती अमेरिकेतील एक बालसंरक्षण संस्था चालवते. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारे चित्र आपल्या जागेवरून काढतात.

एक खबरदारी मात्र फार महत्त्वाची. मुलाचा तसा फोटो मामाला दाखवायला, वकिलाला विचारायला, "बघा काय केले" म्हणून सांगायला कोणालाही पुढे पाठवू नका. अठरा वर्षांखालील मुलांची अशी चित्रे पाठवणे हा गुन्हा आहेच. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती जवळ बाळगणे आणि पाहणे याबाबतही कायदा किती कडक आहे हे स्पष्ट केले. पुरुषांच्या ग्रुपवर कधी कोणाच्या तरी मुलीचे म्हणून काही फिरत येते, तेव्हा ते गुपचूप पाहून घेणाऱ्यालाही हे लागू आहे. ते पाप आहे हे सांगायला आम्ही आहोतच.

पोलिसांकडे जायला आपली माणसे कचरतात, ते नाव बाहेर येईल म्हणून. इथे २०१२ चा पोक्सो कायदा मुलाच्या बाजूने उभा आहे. मुलाची ओळख उघड होईल असे काही छापणे वा दाखवणे हाच त्या कायद्याने गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे आपल्याला माहीत असले की पायरी चढताना पाय तेवढे लटपटत नाहीत.

आता दाराच्या राखणीबद्दल. आपल्याकडे अभिमानाने सांगतात, "आमचं पोट्टं मोबाईलमधी लय हुशार हाये, मले काही समजत नाही, त्याले समदं समजते." पोट्टं हुशार असेल, पण वाड्याच्या किल्ल्या मेंढराच्या गळ्यात बांधून मेंढपाळ झोपी जात नाही. थोडे आपणही शिकावे. गुगलचे 'फॅमिली लिंक' हे विनामूल्य ॲप आहे. त्यातून मुलाच्या फोनवर कोणते ॲप यावे, किती वेळ चालावे, रात्री किती वाजता बंद व्हावे हे आपल्या फोनवरून ठरवता येते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकते हा पर्याय असतो, तो फक्त आपल्या संपर्कांपुरता ठेवावा, म्हणजे अनोळखी माणूस मुलाला कुठल्याही ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. तिथेच सहा आकडी पिनचे दुसरे कुलूपही लावता येते. यूपीआयचा पिन मुलाला माहीत नसावा, मग दुकानात दूध आणायला त्याला पाठवायचे असले तरी. आणि लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके नावाची फाईल आली तर ती उघडू नये. घरी ती उघडणारे बोट बहुतेक वेळा मुलांचेच असते, कारण "बघ रे जरा काय आलंय" म्हणून आपणच फोन त्यांच्याकडे देतो.

इथे एक गोष्ट थोडी टोचणारी आहे, तरी सांगतो. इन्स्टाग्रामला तेरा वर्षांखालील मुलांना खाते काढता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी त्यांनी २०२५ पासून भारतात वेगळी, जास्त बंदिस्त खाती सुरू केली आहेत. ती आपोआप खासगी असतात, अनोळखी माणूस त्यांना थेट निरोप पाठवू शकत नाही, आणि सोळा वर्षांखालील मुलाला ही बंधने सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण हे सगळे चालते ते मुलाने खरे जन्मवर्ष लिहिले तरच. दहा वर्षांचे मूल १९९८ लिहिते, ते सज्ञान ठरते, आणि सगळी कुंपणे एका आकड्याने पडतात. किती घरांत हा खोटा आकडा आईबाबांनीच बसवून दिला आहे? आठव्या आज्ञेचा धडा धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही शिकवायचा आणि घरी पहिले खाते खोट्यावर उघडायचे, हे जुळत नाही. या सुटीत ती तारीख तेवढी तपासून घ्यावी.

आपले गाव चांदीचे. खामगावला बाहेरगावची माणसे विश्वासाने चांदी घ्यायला येतात, पण आपण स्वतः घेताना काय करतो? दुकान ओळखीचे असले तरी कस पाहतो, काट्याकडे लक्ष ठेवतो. आणि तेच आपण, फोटोत जपमाळ आणि पवित्र मरियेचे चित्र लावलेल्या खात्याकडून मैत्रीची विनंती आली की "आपलाच माणूस आहे" म्हणून स्वीकारतो. चित्र कोणालाही लावता येते. मुलांना हे चांदीचे उदाहरण चटकन समजते, घरी सांगून पाहा.

मात्र सावध राहणे आणि घबराट पसरवणे यांत फरक आहे. २०१७ साली 'ब्लू व्हेल' नावाच्या खेळाची बातमी आठवत असेल. मुंबईत अंधेरीतील एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर ती घरोघरी पोचली. सरकारने त्या खेळाचे दुवे काढून टाकण्याचे आदेश मोठ्या कंपन्यांना दिले. प्रत्येक ग्रुपवर इशारे फिरत होते. पुढे २०१८ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने संसदेत सांगितले की चौकशीत त्या मृत्यूंचा या खेळाशी संबंध प्रस्थापित होऊ शकला नाही. मुले गेली हे खरे. पण ती का दुःखी होती, हा प्रश्न एका माशाच्या नावाखाली दबून गेला. असे इशारे पुढे पाठवल्याने आपण काही केले असे वाटते, आणि शेजारच्या खोलीतील मुलाशी बोलायचे राहून जाते.

मोबाईल आणि संगणक हे सैतानाचे घर आहे असेही आम्ही म्हणणार नाही. संत कार्लो अकुतीस हा आपल्या मुलांच्याच पिढीच्या जवळचा. १९९१ साली जन्मला, २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. पवित्र ख्रिस्तप्रसादाशी संबंधित चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने संगणकावर मांडली. त्याला व्हिडिओ गेम आवडत, पण त्याने स्वतःला आठवड्याला एकच तास घालून दिला होता. आठवड्याला एक तास! आमच्या वर्गातील मुलांना हे सांगितले की ती एकमेकांकडे पाहतात. आम्ही त्यांना सांगतो, आधी दिवसाचा आकडा खरा खरा लिहून काढा, मग पाहू.

हा आकडा मोठ्यांनीही लिहावा. रात्री कुटुंबाची प्रार्थना चालू असताना बाबांच्या मांडीवर फोन उजळतो आणि बाबांची नजर खाली जाते, ते मूल पाहत असते. मुलाला आपला आवाज ओळखीचा व्हायला हवा तर तो दिवसातून थोडा वेळ तरी त्याच्या कानावर पडायला हवा, आणि "अभ्यास कर", "फोन ठेव" याखेरीज दुसरे काही बोलताना पडायला हवा. त्याच्या खेळात काय असते ते त्याच्याजवळ बसून एकदा पाहावे. त्याला ते आवडते. समोर कोण खेळतो आहे, त्याला तू ओळखतोस का, हे त्या वेळी सहज विचारता येते. दरडावून विचारले तर येणारे उत्तर वेगळे असते.

शेवटी आपल्याच धर्मग्रामाबद्दल दोन गोष्टी. प्रथम ख्रिस्तप्रसादाचे आणि वाढदिवसाचे फोटो धर्मग्रामाच्या ग्रुपवर येतात. पांढऱ्या कपड्यांतली मुले सुंदर दिसतात, आनंद आम्हांलाही होतो. पण फोटोखाली मुलाचे पूर्ण नाव, शाळा, वर्ग आणि जन्मतारीख लिहू नये. परक्या माणसाला मुलाशी बोलायला सुरुवात करण्यासाठी एवढी माहिती पुरते. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो त्याच्या आईबाबांना विचारल्याशिवाय स्टेटसवर ठेवू नये.

दुसरी गोष्ट, पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या खोलीत आपले काही युवक बसणार आहेत. ज्या पालकांना वर सांगितलेली सेटिंग स्वतःला जमत नाहीत त्यांनी फोन चार्ज करून आणावा आणि मुलालाही सोबत आणावे, म्हणजे जे काही बदलायचे ते त्याच्यासमोर, त्याला विचारून बदलता येईल. आजी-आजोबांनीही यावे, कारण सुटीत दुपारी घरी तेच असतात. ज्यांना आधी एकट्याने काही बोलायचे असेल, ते पालक असोत वा मुले, त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी प्रायश्चित्त संस्काराच्या वेळेनंतर फादर चर्चमध्ये थांबतील. १९३० आणि १०९८ हे दोन्ही क्रमांक आजपासून चर्चच्या दारातील फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत.